सहायकाची विचारशैली : माणसाची की कामाची?

कार्यालयीन सहायकांच्या विचारशैलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मी कुठल्या प्रकारात बसतो? मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ मध्ये मांडलेली चाचणी त्याचे एक उत्तर देते. तिच्यात ३२ विधाने आहेत आणि गुण ३२ ते १६० यांच्या दरम्यान पडतात. कमी गुणांची माणसे आहे त्या चौकटीत सुधारणा शोधतात, जास्त गुणांची चौकटच बदलायला निघतात. कर्टन यांचा आग्रह असा, की हा फरक शैलीचा आहे, कुवतीचा नव्हे. तेवढे पदरात घ्या आणि गुणपत्रिका बाजूला ठेवा. सहायकाच्या टेबलावर एकाच सकाळी दोन्ही तऱ्हेची कामे येतात. तेव्हा आपण प्रत्येक कामाच्या टप्प्याला कोणता विचार लागतो ते पाहू.

बारा जणांची बैठक जुळवायची आहे. इथे पहिला विचार गाळण्याचा: कोणाशिवाय निर्णय होऊच शकत नाही? बहुधा दोन-तीन नावे उरतात. आधी त्यांच्या मोकळ्या वेळा जुळवायच्या, त्यांतल्या तीन निवडायच्या आणि मगच बाकीच्यांना विचारायचे. ‘तुम्हाला कधी जमेल?’ असे सगळ्यांना एकदम विचारले, तर शेवटचे उत्तर येईपर्यंत पहिल्याची वेळ भरून गेलेली असते. म्हणून तीन पर्याय, उत्तराची मुदत, आणि तोवर तिन्ही वेळा कॅलेंडरवर तात्पुरत्या अडवलेल्या. वेळ पक्की झाली की उरलेल्या दोन लगेच मोकळ्या करायच्या. हे हमखास राहून जाते, आणि पुढच्या बैठकीला सगळे विनाकारण व्यग्र दिसतात.

वेगवेगळ्या देशांतली माणसे असतील तर आणखी एक खाचखळगा. उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपीय संघात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे या दोघांमधले अंतर एका तासाने कमी असते. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे मागे येताना पुन्हा आठवडाभर तेच. दर आठवड्याची ठरलेली बैठक नेमकी याच दिवसांत चुकते, कारण ती एकाच ठिकाणच्या घड्याळाला बांधलेली असते. निमंत्रणात प्रत्येक ठिकाणची वेळ तारखेसकट लिहा.

आता निवडीचा विचार. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते संस्थांमधले निर्णय प्रत्यक्षात कसे होतात, या अभ्यासासाठी. माणूस सर्वोत्तम पर्यायाच्या मागे धावत नाही, आपल्या कसोटीला उतरणारा पर्याय मिळाला की थांबतो, असे ते सांगत. सहायकासाठी यातली मेख अशी, की कसोटी शोधाआधी लिहायला हवी. सभागृह हवे: वीस खुर्च्या, पडदा, अमुक रकमेच्या आत. उतरले की घ्या. कसोटी न लिहिता शोध सुरू केला, तर सातवा पर्याय पाहिल्यावर तिसरा बरा वाटू लागतो, आणि तोवर तो गेलेला असतो. ही सूट परत फिरवता येणाऱ्या गोष्टींना. देयकाची रक्कम किंवा कराराची तारीख ‘पुरेशी बरी’ असून चालत नाही.

तिथे तपासणीचा विचार लागतो, आणि तो लेखनाच्या विचाराशी अजिबात जमवून घेत नाही. मसुदा लिहिणाऱ्याचे डोळे कागदावरचे वाचत नाहीत, मनातले वाचतात. मध्ये दुसरे काम घ्या, नाहीतर सरळ दुसऱ्याकडे द्या. एकट्यालाच तपासायचे असेल तर एका फेरीत एकच गोष्ट: एकदा फक्त नावे, एकदा तारखा आणि त्यांचे वार, एकदा आकडे. बेरीज पुन्हा करा, नुसती पाहू नका. जोडलेली फाइल ई-मेलच्या मसुद्यातूनच उघडा; संगणकावरची प्रत बरोबर असते, जोडलेली जुनी असते. पाठवायचा पत्ता सर्वांत शेवटी भरा.

हे सगळे मोडते ते व्यत्ययांनी. कामावरच्या लक्षाच्या अभ्यासक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले, की काम बदलले तरी लक्षाचा काही भाग आधीच्या अर्धवट कामात अडकून राहतो. फोन घेण्यापूर्वी एक ओळ लिहा: ‘रकाना ४ पर्यंत तपासले, पुढे करार क्रमांक.’ पाच-दहा सेकंद जातात, पण परतल्यावर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.

आणि बैठकीचे इतिवृत्त. बहुतेक जण तिथे लिहिण्याचा वेग वाढवायला पाहतात. माझ्या मते गरज कमी लिहिण्याची आहे. कोण काय म्हणाले हे बहुतांशी सोडून द्या, निर्णयावर कान ठेवा. ‘बघू या’, ‘करून टाकू’ हे निर्णय नव्हेत, कारण त्यांना कर्ता नाही आणि मुदतही नाही. पाठपुरावा शेवटी तुम्हालाच करायचा आहे, म्हणून विषय संपण्याआधीच विचारा: कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत? विचारायचे राहिले आणि नावाचा रकाना रिकामा उरला, तर अंदाजाने कुणाचे नाव घालू नका. तेवढी ओळ अध्यक्षांकडे पाठवून नाव घ्या, मगच इतिवृत्त सर्वांना जाऊ द्या.