मूत्रपिंडे थकली, तरी मूल वाढले पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या माणसांची मूत्रपिंडे बहुधा मधुमेहाने किंवा रक्तदाबाने निकामी होतात. मुलांमध्ये मात्र मूत्रमार्गाच्या रचनेतील जन्मजात दोष हे फार मोठे कारण असते. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडदा असतो, त्यामुळे लघवी तुंबते आणि तिचा दाब मूत्रपिंडांवर येतो. दुर्बिणीने हा पडदा काढता येतो, पण तोवर झालेली हानी भरून येत नाही. म्हणून बाळाच्या लघवीची धार बारीक असेल किंवा ती थेंबथेंब होत असेल, तर वाट पाहू नये.

पुढे मूल फिकट दिसते, रात्री उठून पाणी मागते, त्याची उंची खुंटते आणि घरचे म्हणतात, आमच्याकडे सगळे बुटकेच.

निदान झाल्यावर पुष्कळदा मोठ्यांचे पथ्य मुलाच्या ताटात येते: डाळ बंद, अंडे बंद, सगळे अळणी. याचे मला फार वाईट वाटते. वाढत्या वयाला प्रथिने लागतातच, आणि यांतील काही मुलांच्या लघवीवाटे मीठ इतके जाते की ते वरून द्यावे लागते. उलट रक्तदाब असलेल्या मुलाचे मीठ कमी करावे लागते. तेव्हा ताट ठरवायचे ते रक्ततपासणी पाहून. कॅल्शियमची गोळी फॉस्फरस रोखण्यासाठी दिली असेल, तर ती जेवणासोबतच घ्यायची, कारण अन्नातला फॉस्फरस ती आतड्यातच बांधून ठेवते. उपाशीपोटी घेतली तर हे काम होत नाही. रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला, तर मूत्रपिंडांची घसरण मंदावते.

मूत्रपिंडे पुरेसे काम करेनाशी झाली, तर डायलिसिस लागते. पोटाचे डायलिसिस, म्हणजे नळीने पोटात पाणी सोडून ते रक्तातली घाण घेऊन बाहेर काढणे, घरी, रात्री झोपेतही करता येते, त्यामुळे शाळा बुडत नाही. पोटातून बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले, तर संसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रत्यारोपण हा सर्वांत चांगला उपाय. आईचे किंवा वडिलांचे मूत्रपिंड बसण्यासाठी बाळाचे वजन साधारण १० किलो व्हावे लागते, म्हणूनच प्रत्येक घास मोलाचा, प्रसंगी नाकातल्या नळीने दिलेलासुद्धा. गोवर, कांजिण्यांच्या लसी आधीच उरकाव्यात, कारण प्रत्यारोपणानंतर त्या सहसा देता येत नाहीत. नव्या मूत्रपिंडासाठीची औषधे मात्र कायम घ्यावी लागतात, आणि ती चुकतात बहुधा किशोरवयात. त्या वयात गोळ्यांच्या वेळा मुलाशी बोलून, त्याची शाळा आणि क्लास पाहून ठरवाव्यात.