गाडी कुठल्या पासिंगची?

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी देवरुखच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी एक आजी आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू. बस फलाटाला लागली आणि नातवाने पिवळ्या पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचला : एमएच २० बीएल, पुढे चार आकडे. "आजी, ही आपली नाही, ही संभाजीनगरची आहे!" आजी गोंधळल्या. कंडक्टर खाली उतरला तेव्हा त्यांनी विचारलंच, "दादा, ही देवरुखला जाते ना?" तो म्हणाला, "जाते की आजी. चढा. गाडी रत्नागिरीचीच आहे, पासिंग तिकडचं आहे."

पासिंग तिकडचं आहे! आज मला नेमकं याच्याचबद्दल बोलायचं आहे. नंबर प्लेट गाडीची नोंद कुठे झाली ते सांगते, तेवढंच. गाडी आत्ता कुणाची आहे, चालवणारा कुठला, त्याची भाषा कोणती, हे ती सांगत नाही. आपण मात्र रोज तिच्यात हे सगळं वाचत असतो.

त्या बसचं आधी सांगतो. एसटी महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला आणि नागपुरात हिंगण्याला. कंपनीकडून चासी यायची, तिच्यावर बसचा सांगाडा इथे चढायचा आणि नोंदणीही त्याच भागातल्या आरटीओत व्हायची. म्हणून लाल बसवर तुम्हाला एमएच १४ बीटी दिसतं, एमएच २० बीएल दिसतं, एमएच ४० दिसतं. गाडी कणकवली डेपोची असो वा गडचिरोलीची, तिचा जन्मदाखला बहुधा या तीनपैकी एका ठिकाणचा. पुढच्या वेळी स्टँडवर थांबाल तेव्हा नंबर वाचून बघा. बस कुठल्या कार्यशाळेतून आली ते बहुतेक वेळा ओळखता येईल.

आता हे आकडे आले कुठून? मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, तो १ जुलै १९८९पासून लागू झाला आणि त्याबरोबर देशभर एकच साचा आला. आधी राज्याची दोन अक्षरं, मग नोंदणी कार्यालयाचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार आकडे. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि चार आकडे असत. ज्यांच्या घरी तेव्हाची स्कूटर किंवा अ‍ॅम्बॅसडर होती, त्यांना 'एम'ने सुरू होणारे ते नंबर अजून पाठ असतील. चार आकडे ९९९९ला संपले की मालिकेची अक्षरं पुढे सरकतात. यात 'आय' आणि 'ओ' ही अक्षरं वापरत नाहीत, कारण लांबून ती एक आणि शून्यासारखी दिसतात. उरली चोवीस अक्षरं. दोन अक्षरांच्या मालिकेत एका कार्यालयाला ५७ लाखांहून जास्त नंबर देता येतात.

महाराष्ट्राची यादी एकदा नकाशा समोर ठेवून वाचा. मला तर ती वाचताना प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं. एक, दोन, तीन मुंबईत : ताडदेव, अंधेरी, वडाळा. चार ठाणे, पाच कल्याण. सहा रायगड, पण कार्यालय अलिबागला नाही, पेणला. सात सिंधुदुर्ग, आठ रत्नागिरी. इथे घाट चढायचा. नऊ कोल्हापूर, दहा सांगली, अकरा सातारा, बारा पुणे, तेरा सोलापूर. चौदाला परत पिंपरी-चिंचवड. पंधरा नाशिक, सोळा नगर, सतरा श्रीरामपूर, अठरा धुळे, एकोणीस जळगाव. वीसपासून मराठवाडा : संभाजीनगर, जालना, परभणी, बीड, लातूर, धाराशिव आणि सव्वीसला नांदेड. सत्तावीसला अमरावती आली की वऱ्हाडात शिरलो. बुलढाणा, यवतमाळ, अकोला. मग एकतीस नागपूर, बत्तीस वर्धा, तेहतीस गडचिरोली, चौतीस चंद्रपूर, पस्तीस गोंदिया, छत्तीस भंडारा. अरबी समुद्रापासून वैनगंगेपर्यंत छत्तीस आकड्यांत महाराष्ट्र पार होतो.

आणि छत्तीसच्या पुढे? सदतीस वाशिम, अडतीस हिंगोली, एकोणचाळीस नंदुरबार. हे तिघे आपापल्या शेजाऱ्यांना सोडून यादीच्या शेपटाला का गेले? वाशिम आणि नंदुरबार हे जिल्हे १ जुलै १९९८ला झाले, हिंगोली १ मे १९९९ला. यादी बांधली गेली तेव्हा ते जिल्हेच नव्हते. उलट सिंधुदुर्ग आणि जालना १९८१चे, लातूर आणि गडचिरोली १९८२चे. ते वेळेवर जन्मले म्हणून रांगेत नीट बसले. जिल्हे कधी फुटले हा इतिहास असा पाटीवर लिहिलेला आहे. त्यापुढचे आकडे वाढत्या वस्तीचे : चाळीस नागपूर ग्रामीण, एक्केचाळीस मालेगाव, बेचाळीस बारामती, त्रेचाळीस नवी मुंबई, शेहेचाळीस पनवेल, सत्तेचाळीस बोरिवली, पन्नास कराड.

शहरांची नावं बदलली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नंबर मात्र तेच राहिले : वीस, पंचवीस, सोळा. राज्याचं नाव बदललं की मात्र अक्षरं बदलतात. ओरिसाचं ओडिशा झालं, तर 'ओआर' जाऊन 'ओडी' आलं. उत्तरांचलचं उत्तराखंड झालं, 'यूए'चं 'यूके' झालं. तेलंगणाने २०१४ साली 'टीएस' घेतलं आणि २०२४मध्ये ते बदलून 'टीजी' केलं. जुन्या गाड्या जुन्याच अक्षरांनी फिरतात, म्हणून हैदराबादच्या एकाच सिग्नलला एपी, टीएस आणि टीजी अशा तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

साचा एक असला तरी प्रत्येक राज्याने त्यात आपली सोय बघितली आहे. दिल्लीत कार्यालयाच्या आकड्यानंतर वाहनाचा प्रकार सांगणारं अक्षर येतं, मोटारीला 'सी' आणि स्कूटरला 'एस'. केरळने केएल १५ हा क्रमांक आपल्या राज्य परिवहनाच्या बसगाड्यांसाठी राखून ठेवला आहे. तिथल्या पोराला त्या बसची पाटी वाचून आपल्या रत्नागिरीच्या पोरासारखा प्रश्न कधी पडणार नाही. आंध्र प्रदेशाने तर २०१९पासून नव्या गाड्यांसाठी जिल्हावार आकडे सोडून सगळ्या राज्याला एपी ३९ दिला.

मग साऱ्या देशाला एकच मालिका का नाही? कारण पैसा. आपल्या राज्यघटनेत मोटार वाहनांचा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात आहे, पण वाहनांवरचा कर राज्यांच्या सूचीत आहे. नोंदणीचे नियम केंद्राचे, रोड टॅक्स ज्या त्या राज्याचा. टॅक्समध्ये फरक आहे म्हणून हायवेवर तुम्हाला एनएल ०१चे ट्रक इतके दिसतात. एनएल म्हणजे नागालँड, एक म्हणजे कोहिमा. त्यातल्या कित्येक ट्रकांनी कोहिमा कधी बघितलेलंही नसतं. तिथला खर्च कमी आणि परमिट देशभराचं, एवढा साधा हिशेब आहे.

खाजगी गाडीवाल्याला मात्र हा फरक जाचतो. तुमची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. माझा भाचा बंगळूरहून नोकरी बदलून पुण्याला आला. गाडी 'केए' पासिंगची, आयुष्यभराचा टॅक्स तिकडे भरलेला. आधी मूळ आरटीओची एनओसी, मग इकडे उरलेल्या वर्षांचा टॅक्स, मग नवा नंबर आणि त्यानंतर तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायचा. एका खिडकीवर त्याला तीनदा परत पाठवलं, दर वेळी एक नवा कागद कमी. पहिल्याच दिवशी पूर्ण यादी हातात दिली असती तर त्याच्या दोन रजा वाचल्या असत्या. अशा कामाला जाणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच : इकडचा नंबर मिळाल्यावर परताव्याचा अर्ज करायला विसरू नका. लोक दमतात आणि तिथेच सोडून देतात. तो पैसा तुमचा आहे.

या त्रासावर उपाय म्हणून २०२१च्या सप्टेंबरमध्ये बीएच, म्हणजे भारत मालिका आली. हिच्यात आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरं. राज्याचं नावच नाही. टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली तरी नंबर तोच. सैन्यातले लोक, केंद्र-राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांतले नोकरदार, यांनाच ती मिळते. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्याला, छोट्या दुकानदाराला, गवंड्याला ती मिळत नाही. मला हे खटकतं. बदली फक्त मोठ्या नोकरीत होते असं थोडंच आहे?

पाटीचे रंग तुम्हाला ठाऊक आहेतच : पांढरी खाजगी, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवर चालणारी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. निळी परदेशी वकिलातींची. लष्कराच्या गाडीवर सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यामागचे दोन आकडे वर्षाचे. ती नोंद आरटीओत नसते, संरक्षण मंत्रालयाकडे असते.

'बाहेरची गाडी' हा शब्द आपण किती सहज वापरतो! डिसेंबर २०२२मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले आणि इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दगड मारणाऱ्याने काय वाचलं? दोन अक्षरं. त्या काचेमागचा ड्रायव्हर बिहारचा असेल, राजस्थानचा असेल, कदाचित बेळगावचाच असेल. 'एमएच' ट्रकवर मराठी माणूसच असतो असं नाही, आणि 'केए २२' म्हणजे बेळगावचं पासिंग असलेल्या कितीतरी गाड्यांत घरी मराठी बोलणारी माणसं बसलेली असतात. मला त्या बातम्या आठवल्या की अजून वाईट वाटतं. आरटीओच्या सोयीसाठी केलेली खूण माणसांवर लावली गेली.

जाता जाता नव्या प्लेटबद्दल. पूर्वी चौकातला पेंटर बारीक ब्रशने नंबर काढून द्यायचा. काही हौशी लोक २१४चा 'राम' आणि ४१४१चा 'दादा' करून घ्यायचे. नियमाने पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात आणि ते साध्या वळणाचेच लागतात. यात मी नियमाच्या बाजूने आहे. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर एका क्षणात वाचायचा असतो. तिथे नक्षी आड आली तर जखमी माणसाचा दावा बुडतो.

१ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बसवायला सांगितलं, मुदत वाढवत वाढवत. ती अ‍ॅल्युमिनियमची असते. हातात घेऊन उन्हात जरा तिरकी करा. उठावाच्या अक्षरांवरच्या काळ्या पट्टीत तिरपं 'इंडिया' लिहिलेलं दिसतं. डावीकडे वर दोन सेंटिमीटरचं चकाकणारं अशोकचक्र, त्याखाली निळ्यात 'आयएनडी', आणि खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला, बोटाला जेमतेम जाणवणारा क्रमांक. तो प्रत्येक प्लेटचा वेगळा. चारचाकीच्या काचेवरचा स्टिकर हीच तिसरी पाटी : पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

प्लेट बसवायला जाल तेव्हा आरसी बुक बरोबर न्या. बसवणाऱ्याने हात लावायच्या आधी प्लेटवरचा नंबर आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा, विशेषतः 'बी' आणि आठ. पुढची आणि मागची, दोन्ही. कारण तिचं स्नॅप लॉक एकदा दाबून बसलं की उघडत नाही, तोडावंच लागतं.

नमस्कार.