हवेतला हा कार्बन आपलाच, कशावरून?

नमस्कार. माझा मामा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. हवामान बदलाचा विषय निघाला की त्याचं वाक्य ठरलेलं. "अगं, बहात्तरचा दुष्काळ मी डोळ्यांनी पाहिलाय. सुकडी खाऊन दिवस काढलेत. तेव्हा कुठं होतं तुझं ग्लोबल वॉर्मिंग?"

प्रश्न रास्त आहे. १९७२ साली प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं आणि अशा वर्षी आपला पाऊस बऱ्याचदा कमी होतो, आणि आपला पाऊस तसाही दरसाल कमी-जास्त होतोच. एक वर्ष कोरडं गेलं किंवा एक पूर आला, तेवढ्यावरून कुणी "हवामान बदललं" म्हणू लागला तर मामाने त्याला अडवायलाच हवं. मग पृथ्वी तापतेय आणि आपल्यामुळेच तापतेय, हे शास्त्रज्ञ कशाच्या जोरावर सांगतात? आज फक्त एवढंच बघू.

सुरुवात मामाच्याच बागेतून. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा इतका घसरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. मामा संध्याकाळी आकाशाकडे बघतो आणि सांगतो, आज कडाका पडणार की नाही. आभाळ निरभ्र असेल तर थंडी नक्की. ढग आले की थंडी गायब, मग भुरी या बुरशीच्या रोगाची काळजी सुरू.

असं का होतं? सूर्य तर दोन्ही रात्री मावळलेलाच असतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता वर सोडत असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आभाळ मोकळं असलं की त्यातले बरेचसे थेट अवकाशात निघून जातात. ढग असले की ते ही उष्णता शोषतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात.

ढगांचं हे काम हवेतले काही वायूही करतात, रात्रंदिवस, न दिसता. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. कोरड्या हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतो, पण या उष्णतेला ते जवळपास अडवतच नाहीत. सगळा भार या चिमूटभर वायूंवर. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते सुमारे १५ अंश आहे. म्हणजे हे वायू आहेत म्हणून आपण आहोत. अडचण त्यांचं प्रमाण वाढण्याची आहे.

हे ज्ञान किती जुनं आहे, ते मला आवर्जून सांगायचंय. १८५६ साली, म्हणजे आपल्याकडच्या सत्तावनच्या उठावाच्या आदल्या वर्षी, अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये थर्मामीटर ठेवले, वेगवेगळे वायू भरले आणि नळ्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली, आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही तिला कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून त्यांनी लिहून ठेवलं की हवेत कधीकाळी हा वायू जास्त असेल, तर तेव्हा पृथ्वी जास्त उष्ण असली पाहिजे. त्यांचा हा निबंध परिषदेत वाचून दाखवला तो जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञाने. नंतर शतकभराहून जास्त काळ त्यांचं नाव जवळपास कुणालाच ठाऊक नव्हतं. मला याची आजही हळहळ वाटते.

ऊन आणि जमिनीची उष्णता यांतला फरक फूटबाईंच्या प्रयोगात वेगळा काढता येत नव्हता. ते काम १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी केलं. कोणता वायू अवरक्त किरण किती शोषतो, हे त्यांनी उपकरणाने मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल. त्यांचं उत्तर ५ ते ६ अंश होतं. आजच्या अंदाजापेक्षा जास्त, पण दिशा बरोबर.

[स्क्रीनवर: करवतीसारखा चढत जाणारा आलेख]

आता हा आलेख बघा. मार्च १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ या डोंगरावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. आकडा होता ३१३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भाग. २०२४ ची सरासरी ४२४ च्या घरात आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या ८ लाख वर्षांत तो ३०० च्या वर कधी गेलाच नव्हता.

रेषेला हे करवतीचे दात दिसतायत ना? तो पृथ्वीचा श्वास आहे. उत्तर गोलार्धात पालवी फुटते, झाडं कार्बन ओढून घेतात, आकडा उतरतो. पानगळ झाली, पानं कुजली की पुन्हा चढतो. आपल्या जवळही अशी नोंद झाली आहे. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या काब द राम इथे १९९३ पासून बाटल्यांमध्ये हवा भरून ती तपासणीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवली जात होती. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो तेव्हा आकडा कमी, हिवाळ्यात जमिनीवरून येतो तेव्हा जास्त. दरवर्षी वर-खाली, आणि तरीही चढतीच रेषा.

कार्बन वाढला, मान्य. पण तो आपला कशावरून? ज्वालामुखीचा नसेल? समुद्रातून आला नसेल?

मला हा भाग सगळ्यात आवडतो. कारण कार्बनला ओळखपत्र असतं. कार्बनचे अणू तीन वजनांचे: १२, १३ आणि १४. झाडं अन्न तयार करताना हलका १२ जास्त पसंत करतात, म्हणून झाडांपासून बनलेल्या प्रत्येक गोष्टीत १३ कमी असतो. आणि १४ किरणोत्सारी आहे. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेल्या कोळशात, तेलात तो उरतच नाही.

आता संशयितांची रांग लावा. ज्वालामुखीच्या वायूत १४ नसतो, पण १३ भरपूर असतो. जंगल जाळलं तर त्या धुरात १३ कमी, पण १४ असतोच. १३ कमी आणि १४ शून्य, असा एकच: झाडं-शेवाळांसारख्या सजीवांपासून बनलेला, पण अतिप्राचीन कार्बन. म्हणजे कोळसा, पेट्रोल-डिझेल, नैसर्गिक वायू. हवेत १३ चं प्रमाण घटत चाललंय. १४ पातळ होतोय, हे हान्स सुएस यांनी १९५५ मध्येच झाडांच्या लाकडात दाखवलं होतं. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय, कारण जळायला तो लागतो. ज्वालामुखीने ऑक्सिजन असा खर्च होत नाही. आणि तसंही जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या इंधनातून निघणाऱ्या सुमारे ३७ अब्ज टनांच्या १ टक्काही नाही.

राहिला सूर्य. सूर्य तापवत असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर, गार होतोय. हे असं होईल हे स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणिताने सांगितलं होतं. उपग्रहांनी ते नंतर मोजलं. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढं ऐकून मामा म्हणाला, "बरं, तापली एका अंशाने. एका अंशाने काय होतंय?"

दुपारी ३८ च्या जागी ३९ झाले तर खरंच फार कळत नाही. पण ही अख्ख्या पृथ्वीची सरासरी आहे. कॅनडा किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली गाडला गेला होता, त्या हिमयुगात ही सरासरी साधारण ६ अंशांनीच कमी होती. कारखानदारीच्या सुरुवातीच्या काळाशी तुलना केली तर २०११ ते २०२० या दशकात आपण १.१ अंश चढलो होतो, आणि २०२४ हे एकटं वर्ष दीड अंशाच्या वर गेलं. आणि दर अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प एकदम कोसळतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस घटत असताना! बहात्तरचा दुष्काळ खराच होता, मामा. पण हा बदल वेगळा आहे. पाऊस पडण्याची तऱ्हाच बदलतेय.

काय अजून पक्कं नाही? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर शेवटी किती तापेल, हे. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे, बहुधा अडीच ते चारच्या मध्ये. एवढी तफावत राहण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ढग. खालचे दाट ढग ऊन परतवून गारवा देतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात. तापलेल्या जगात कोणते वाढतील आणि कोणते विरतील, यावर सगळा हिशेब फिरतो.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसला. ढगांबद्दल त्याचे खूप प्रश्न आहेत. पुढच्या व्हिडिओत तेच घेते.