सिरानोचा तुरा: एदमों रोस्ताँची गोष्ट

२८ डिसेंबर १८९७. पॅरिसचं पोर्त-सँ-मार्तँ थिएटर. पडदा उघडायला थोडाच वेळ उरलाय आणि नाटककार आपल्या मुख्य नटाची माफी मागतोय, की बाबा मला माफ करा, मी तुम्हाला या भानगडीत ओढलं, नाटक पडणार. त्या रात्रीबद्दल हा किस्सा आजही सांगतात. नाटककार २९ वर्षांचा, मार्सेलचा पोरगा, मुळात कवी, नाव एदमों रोस्ताँ. आणि समोरचा नट म्हणजे कोकलँ, त्या काळातला फ्रेंच रंगभूमीचा केवढा मोठा स्टार.

नाटक होतं सिरानो द बेर्जराक.

घाबरायला कारणंही होती हो. पाच अंकी नाटक, सगळं पद्यात, बारा बारा अक्षरांच्या ओळी आणि शेवटी यमक, आणि हे कधी, तर पॅरिसच्या स्टेजवर बोलभाषेतली, रोजच्या घरातली माणसं दाखवणारी नाटकं आली होती तेव्हा. पद्यनाटक म्हणजे आजोबांच्या जमान्यातली गोष्ट. त्यात एकट्या सिरानोच्या तोंडी हजारावर ओळी. त्यात रंगीत तालमीला नायिकेचं, म्हणजे रोक्सानचं काम करणारी नटी आजारी पडली, मग रोस्ताँची बायको रोझमोंद, जी स्वतः कवयित्री होती आणि जिला सगळं नाटक पाठ होतं, ती उभी राहिली आणि तालीम पार पडली.

आणि मग प्रयोग झाला, आणि लोक जागचे उठेनात. पडदा पुन्हा पुन्हा वर घ्यावा लागला.

गोष्ट तशी सोपी आहे. सिरानो सैनिक आहे, कवी आहे, तलवारीत त्याचा हात कुणी धरू शकत नाही, पण नाक एवढं मोठं की आपल्यावर कुणी प्रेम करेल हे त्याला खरंच वाटत नाही. रोक्सानवर त्याचा जीव आहे. तिला मात्र क्रिस्तियाँ आवडतो, दिसायला देखणा, मनाने चांगला, पण तिच्यासमोर आला की बोबडी वळते. मग सिरानो त्याला आपले शब्द देतो. पत्रं हा लिहितो, सही त्याची. रात्री बाल्कनीखाली अंधारात उभा राहून हा बोलतो, आणि शेवटी वर चढून चुंबन घेतो तो क्रिस्तियाँ. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या पदरात पडताना बघत खाली उभा असलेला माणूस, हा सीन मी कितीही वेळा वाचला तरी तिथे घशात काहीतरी अडकतंच.

लोक नाकावरच्या भाषणाबद्दल खूप बोलतात, तलवार चालवता चालवता कविता रचून शेवटच्या ओळीला नेमका वार करतो त्याबद्दलही बोलतात, आणि ते आहेच भारी. पण मला या नाटकातलं मिठाईवाल्याचं दुकान जास्त जवळचं वाटतं. दुसरा अंक तिथेच सुरू होतो. रागनो नावाचा हा माणूस पॅटिस, केक बनवतो आणि कवितेवर जीव टाकतो, भुकेले कवी येतात, कविता ऐकवतात आणि फुकट खाऊन जातात. बदामाच्या टार्टची रेसिपी तो चक्क कवितेत सांगतो. त्याची बायको लीझ व्यवहारी. तिने काय केलंय, तर नवऱ्याने जपून ठेवलेले कवितांचे कागद घेतलेत आणि त्यांच्या पुड्या केल्यात, गिऱ्हाइकाला माल बांधून द्यायला. गिऱ्हाईक येतं तेव्हा रागनो एकेक पुडी उचलतो, तिच्यावरच्या ओळी वाचतो आणि ही नको देऊ, हीपण नको, असं करत राहतो. भेळ खाऊन झाल्यावर कागदावरचा मजकूर वाचत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

आता काळ बघा. फ्रान्स तेव्हा द्रेफ्यूस प्रकरणाने उभा चिरला होता. एका ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवून बेटावर पाठवलेलं, आणि त्यावरून घराघरांत अबोला. सिरानोच्या पहिल्या प्रयोगानंतर सोळाच दिवसांनी, १३ जानेवारी १८९८ ला कादंबरीकार एमिल झोलाचं, द्रेफ्यूसची बाजू घेणारं ते प्रसिद्ध खुलं पत्र छापून आलं. रोस्ताँ स्वतः द्रेफ्यूसच्या बाजूचा होता. पण थिएटरात दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसून याच नाटकाला रडत होते, आणि माझ्या मते त्याचं कारण सिरानोच आहे, जो कुणापुढे वाकत नाही, कुणाचा आश्रित होत नाही, हरतो पण मान खाली घालत नाही, असा माणूस दोघांनाही आपलाच वाटला.

या सगळ्याला रोस्ताँने एक शब्द दिला. पानाश. पानाश म्हणजे मुळात टोपीवरचा, शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. आपल्याकडे शिरपेचात मानाचा तुरा म्हणतात ना, अगदी तोच. पण रोस्ताँने त्याला वेगळी धार दिली, म्हणजे मरण समोर असतानाही रुबाब सोडायचा नाही, हे. नाटकाचा शेवटचा शब्दही तोच आहे, माझा पानाश. भाषांतरांबरोबर तो इंग्रजीत गेला आणि आज तिथे रुबाबदार, झोकात काही करणं या अर्थाने सर्रास वापरतात.

खरा सिरानो पण होऊन गेला बरं का, १६१९ ते १६५५, लेखकच, चंद्रावरच्या प्रवासाची गोष्ट लिहिणारा. तो होता पॅरिसचा. दक्षिण फ्रान्समधल्या बेर्जराक गावाशी त्याचा काही संबंध नाही, तरी त्या गावात आज त्याचे पुतळे आहेत. कवीच्या कल्पनेने गावाला माणूस मिळवून दिला.

पुढे १९०० साली रोस्ताँने नेपोलियनच्या मुलावर लेग्लाँ लिहिलं, म्हणजे गरुडाचं पिल्लू, आणि एकविसाव्या वर्षी मेलेल्या त्या राजपुत्राचं काम केलं ५५ वर्षांच्या सारा बर्नहार्ट या गाजलेल्या नटीने. तेही तुफान चाललं. पण रोस्ताँची तब्येत साथ देत नव्हती, छातीचं दुखणं, म्हणून तो फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या बास्क प्रदेशात कांबो गावी गेला, तिथे अरनागा नावाचं मोठं घर बांधलं, आता तिथे म्युझियम आहे. १९१० मध्ये शांतक्लेर आलं, ज्यात सगळी पात्रं पशुपक्षी. नायक कोंबडा. त्याला मनापासून वाटतं की मी आरवतो म्हणून सूर्य उगवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याला माहीत असतं, त्याला एका पहाटे कळतं, आणि कळल्यावरही तो आरवणं सोडत नाही. हे काम कोकलँसाठी लिहिलेलं, पण तालमी चालू असतानाच १९०९ मध्ये कोकलँ गेला. हे नाटक सिरानोइतकं चाललं नाही, मला मात्र ते रोस्ताँचं सगळ्यात प्रामाणिक लेखन वाटतं.

रोस्ताँ गेला २ डिसेंबर १९१८ ला, महायुद्ध थांबून तीन आठवडे झाले होते, स्पॅनिश फ्लूने नेलं. वय फक्त ५० वर्षं. त्याच्या एका सुरुवातीच्या नाटकावरून न्यूयॉर्कमध्ये द फॅन्टास्टिक्स नावाचं म्युझिकल आलं, ते १९६० ते २००२, सलग ४२ वर्षं चाललं. सिरानोवर तर सिनेमे येतच राहिले, होझे फेरेरला त्यासाठी ऑस्कर मिळालं, १९९० मध्ये फ्रेंच सिनेमात देपार्दिएने केला.

पण या सगळ्या अवतारांत शेवटचा सीन तोच राहतो. पंधरा वर्षं उलटलीत, क्रिस्तियाँ युद्धात मेलाय, रोक्सान मठात राहते, सिरानो दर शनिवारी तिला बातम्या सांगायला येतो. त्या दिवशी कुणीतरी त्याच्या डोक्यावर लाकडाचा ओंडका टाकलाय, पण तो टोपी ओढून, जखम लपवून आलाय. क्रिस्तियाँचं शेवटचं पत्र वाचू का म्हणून विचारतो. तिने दिलेलं पत्र मोठ्याने वाचायला लागतो, आणि संध्याकाळ होत जाते, बागेत पानं गळतायत, अंधार पडतो, तरी हा थांबत नाही. रोक्सानच्या लक्षात येतं की आता कागदावरचं अक्षरही दिसायला नको, तरी हा वाचतोय कसा. आणि तो आवाज, बाल्कनीखालचा.

ती म्हणते, इतकी वर्षं का बोलला नाहीस, या पत्रावरचे अश्रू तुझे होते ना.

तो पत्र तिच्यापुढे धरतो आणि म्हणतो, रक्त त्याचं होतं.