उजनीची बेटे आणि पक्ष्यांचे वर्ष: आधी पाणी पाहा, मग दुर्बीण काढा

नमस्कार. उजनीच्या जलाशयात बेटे किती आहेत, या प्रश्नाचे उत्तर महिना सांगितल्याशिवाय देता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातले भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हा नदीकाठची रानेच नव्हे, तर माळ, टेकाडे आणि जुनी गावठाणेही पाण्यात गेली. भरल्या धरणात जे टेकाड बेट म्हणून दिसते, ते मे महिन्यात काठाला जोडलेले असते. आणि मे महिन्यात ज्या खडकाळ उंचवट्यावर सुरय पक्षी अंडी उबवत असतो, तो उंचवटा ऑक्टोबरात पाण्याखाली असतो. म्हणून या बेटांवरचे पक्षी समजून घ्यायचे असतील, तर दिनदर्शिकेइतकेच धरणाच्या टक्केवारीकडे लक्ष द्यावे लागते, आणि आजच्या भागात मला तेच उलगडून सांगायचे आहे.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. त्यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. उपयुक्त साठा संपला की आपल्याकडे ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे म्हणतात, आणि त्या बातमीने सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, तो रास्तच आहे. मात्र हाच आकडा पक्षी पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगतो: गाळाचे उथळ पट्टे आणि नवी बेटे किती उघडी पडली आहेत.

ऑक्टोबरपासून सुरुवात करू. या सुमारास पाणी काठोकाठ असते, बेटे थोडी आणि लहान असतात, आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. लांबून आलेले परीट तेवढे काठाने शेपटी हलवत फिरतात. नोव्हेंबरनंतर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे येऊ लागतात. सर्वांत मानाचे पाहुणे म्हणजे पट्टकदंब, ज्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून ते येतात. दिवसा बेटाच्या उतारावर विसावा घेऊन अंधार पडू लागला की पिकांच्या रानात चरायला जाण्याची त्यांची रीत आहे. त्यामुळे दुपारी एका बेटावर शेदीडशे पक्षी निवांत बसलेले दिसले, तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तिथून हलू नका. थव्याने उठताना त्यांचा जो आवाज होतो, तो प्रत्यक्षच ऐकायला हवा.

जानेवारीनंतर कालव्यांची आणि नदीची आवर्तने, म्हणजे पाळीपाळीने सोडायचे पाणी, सुटत जातात, पाणी उतरते आणि चित्र झपाट्याने बदलते. काठावर शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करू लागतात आणि बेटांभोवती घोट्याइतके, गुडघ्याइतके पाणी उरते. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, नेमके हेच हवे असते. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, पायांनी गाळ ढवळतो आणि जीभ मागेपुढे करत पाणी आत घेऊन बाहेर टाकतो. चोचीच्या कडांवरच्या बारीक जाळीत अळ्या, कवचधारी जीव आणि शेवाळ अडकून राहते. पाणी खोल असेल तर हे शक्य होत नाही. म्हणूनच धरण तुडुंब भरलेल्या वर्षी करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूला रोहित उशिरा दिसू लागतात, आणि लोक समजतात की यंदा ते आलेच नाहीत. माझे सांगणे असे की अशा वर्षी निराश न होता पाणी उतरण्याची वाट पाहावी.

आता उन्हाळा. बहुतेक पर्यटक रोहित गेले की दुर्बीण गुंडाळून ठेवतात. मला मात्र मार्च ते मे हाच या बेटांचा सर्वांत महत्त्वाचा काळ वाटतो. पलसदेवचे जुने मंदिर, कुगावजवळचा इनामदारांचा वाडा असे अवशेष पाणी उतरले की उघडे पडतात, आणि याच दिवसांत उघड्या, गवत नसलेल्या बेटांवर नदी सुरय आणि छोटा आर्ली वीण करतात. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे कुत्री आणि कोल्हे तिथे सहजी पोहोचत नाहीत. नदी सुरयाची पिवळी चोच, काळी टोपी आणि दुभंगलेली लांब शेपटी लांबूनही ओळखू येते. त्याचे घरटे म्हणजे वाळूत किंवा बारीक खड्यांत छातीने दाबून केलेला उथळ खळगा. त्यात दोन किंवा तीन अंडी, मातकट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची, इतकी खड्यांसारखी की पाय पडेपर्यंत दिसू नयेत. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात आई-बाप अंड्यांवर बसतात ते ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. मधूनच एखादा पक्षी पाण्यावर उतरतो, पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनी अंडी गार करतो. तुम्ही बेटावर उतरलात आणि पक्षी दहा-पंधरा मिनिटे वर घिरट्या घालत राहिले, तर तेवढ्या वेळात उघडी अंडी भाजून निघू शकतात. म्हणून अत्यंत कळकळीने सांगतो: मार्च ते जून या बेटांवर पाऊल ठेवू नका. पक्षी ओरडत डोक्यावर झेपावू लागले, तर होडी मागे घ्या. घरट्याच्या जवळून काढलेला फोटो कितीही सुंदर आला, तरी त्याची किंमत तो पक्षी मोजत असतो.

होडीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा अचानक सुटतो. त्यामुळे सकाळीच जा, लाइफ जॅकेट घाला आणि मासेमार बांधव ‘आज नको’ म्हणाले तर हट्ट धरू नका. चिलापी माशाच्या जाळ्यासाठी रोज पाण्यावर असणाऱ्या या माणसांना वाऱ्याची जाण आपल्यापेक्षा अधिक असते.

जून-जुलैमध्ये या बेटांचे भवितव्य सोलापूरचा पाऊस ठरवत नाही. आपल्याकडे आभाळ कोरडे असतानाही मावळात आणि भीमाशंकरच्या डोंगरात मुसळधार पाऊस पडतो, वरची धरणे भरतात, दौंडजवळ भीमेतून येणारा विसर्ग वाढतो आणि उजनीची पातळी चढू लागते. उशिरा अंडी घातलेल्या जोड्यांची पिल्ले उडण्याजोगी झालेली नसतील, तर बेटासोबत तीही जातात. नदी सुरय आज जागतिक पातळीवर असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे, आणि धरणांतले हे चढउतार त्याच्या विणीला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहेत.

ज्यांना उजनीपर्यंत जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी सोलापूर शहरातच सिद्धेश्वर तलाव आहे. मंदिराच्या चहूबाजूंना पाणी आहे. हिवाळ्यातल्या सकाळी काठावरून पाणकावळे आणि बगळे ओळखण्याचा सराव तिथे उत्तम होतो.

शेवटी नोंदीविषयी. आपण तारीख, वेळ, जागा आणि पक्ष्यांची संख्या लिहितो. त्याच ओळीत त्या दिवशीची उजनीची टक्केवारीही लिहा, मायनस असेल तर मायनस. रोजचा आकडा वर्तमानपत्रात येतोच. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, की कोणत्या पातळीला कोणते बेट उघडे पडते आणि त्यावर सुरय कधी उतरतात, हे आधीच सांगता येईल, आणि विणीच्या काळात त्या बेटांकडे होड्या नेऊ नका, असे गावकऱ्यांना आणि होडीवाल्यांना वेळेवर कळवता येईल.