बँकेला दंड होतो, पण नियामकाला जाब कोण विचारणार? टॅलिनपासून मुंबईच्या सीसीआयएलपर्यंत

नमस्कार मंडळी.

एप्रिल २०१९ मध्ये युरोपियन बँकिंग ऑथॉरिटीच्या, म्हणजे ईबीएच्या, बोर्डासमोर एक मसुदा आला. एस्टोनिया आणि डेन्मार्क या दोन देशांच्या बँक-नियामकांनी युरोपियन युनियनचा कायदा मोडला, असा ठपका त्यात ठेवलेला होता. बोर्डाने तो मसुदा फेटाळला आणि फेब्रुवारीत उघडलेली चौकशी दोन महिन्यांत बंद झाली.

प्रकरण केवढं होतं ते आधी बघा. डान्स्के बँक ही डेन्मार्कमधली सगळ्यात मोठी बँक. एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनमध्ये, तिची एक छोटी शाखा होती. २००७ ते २०१५ या काळात या शाखेतल्या परदेशी खातेदारांच्या खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो फिरले. हे खातेदार मुख्यतः रशिया आणि सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांशी जोडलेले. सगळा पैसा काळा होता असं मी म्हणत नाही. पण त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, हे बँकेने स्वतः नेमलेल्या वकिलांनीच सप्टेंबर २०१८ च्या अहवालात लिहून ठेवलंय.

(स्क्रीनवर नकाशा: कोपनहेगन, टॅलिन, मॉस्को)

तो अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते २००७ च्या एका पत्राने. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने कळवलं होतं की या शाखेच्या खातेदारांचे व्यवहार संशयास्पद आहेत, करचुकवेगिरीपासून मनी लॉन्डरिंगपर्यंत काहीही असू शकतं, आणि रक्कम दर महिन्याला अब्जावधी रुबल्सच्या घरात आहे. ही माहिती कोपनहेगनच्या मुख्यालयात पोचली कुणामार्फत? डेन्मार्कच्या नियामकामार्फत. म्हणजे पहिल्याच वर्षी नियामकाच्या टेबलावरून इशारा गेला होता. त्यानंतर आठ वर्षं हा धंदा चालू राहिला. शाखेची कॉम्प्युटर यंत्रणा वेगळी, बरीच कागदपत्रं एस्टोनियन नाहीतर रशियन भाषेत, त्यामुळे मुख्यालयाला आतलं काही नीट दिसतच नव्हतं. डिसेंबर २०१३ मध्ये हॉवर्ड विल्किन्सन या शाखेतल्याच अधिकाऱ्याने जागल्याची भूमिका घेऊन वरिष्ठांना लेखी कळवलं. तरीही ती खाती पूर्ण बंद व्हायला आणखी दोन वर्षं गेली.

मग जबाबदारी कुणाची? तेव्हाच्या नियमाप्रमाणे शाखा दुसऱ्या देशात असेल, तर बँकेचं भांडवल, तिची एकूण तब्येत याकडे मूळ देशाने बघायचं, म्हणजे डेन्मार्कने. मनी लॉन्डरिंगवर मात्र शाखा जिथे आहे त्या देशाने, म्हणजे एस्टोनियाने, नजर ठेवायची. प्रकरण फुटल्यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आणि युरोपियन सेंट्रल बँक? ती नोव्हेंबर २०१४ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या मोठ्या बँकांवर थेट देखरेख करते खरी. पण डेन्मार्क युरोत नाही, त्या व्यवस्थेतही नाही. त्यामुळे तिचा हात इथे पोचत नव्हता.

अशा वेळी देशांच्या नियामकांच्या वर कुणीतरी हवं, हा विचार २००८ च्या आर्थिक संकटातून आला. फेब्रुवारी २००९ मध्ये जाक द लारोझिएर यांच्या समितीने तसा अहवाल दिला आणि १ जानेवारी २०११ पासून तीन संस्था सुरू झाल्या: बँकांसाठी ईबीए, शेअर आणि रोखे बाजारासाठी एस्मा, विमा आणि पेन्शनसाठी आयोपा. तिघींच्या कायद्यात एक कलम आहे, कलम १७. माझ्या मते अख्ख्या कायद्याचा जीव या कलमात आहे.

कलम १७ तीन पायऱ्यांनी चालतं. एखाद्या देशाचा नियामक युरोपियन कायदा पाळत नाही असं वाटलं, तर संस्था चौकशी करून त्याला शिफारस पाठवते: अमुक चुकलंय, असं दुरुस्त करा. नियामकाने महिन्याभरात ऐकलं नाही, तर युरोपियन कमिशन अधिकृत मत देतं आणि ते पाळणं त्याच्यावर बंधनकारक असतं. तरीही ढिम्म राहिला, तर संस्था त्याला बाजूला ठेवून थेट त्या बँकेलाच आदेश देऊ शकते. कागदावर हे भक्कम दिसतं.

गोची आहे ती मतदानात. ही शिफारस पाठवायची की नाही, हे ठरवतं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. त्यात मत कुणाला? सदस्य देशांच्या नियामकांच्या प्रमुखांना. तेव्हा २८ देश होते, म्हणजे २८ मतं. ईबीएच्या स्वतःच्या अध्यक्षाला मत नव्हतं, कमिशनच्या प्रतिनिधीलाही नव्हतं. सोसायटीच्या कमिटी मेंबरविरुद्धची तक्रार कमिटीनेच ऐकावी, तसलाच हा प्रकार. आज एस्टोनियावर ठपका ठेवला तर उद्या आपल्या दारात चौकशी येईल, हा विचार त्या टेबलाभोवतीच्या कुणाच्याच मनात आला नसेल, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं. त्या सगळ्यांना मी वाईट माणसं म्हणत नाहीये. पण ज्याचा निवाडा करायचा तो आणि निवाडा करणारे एकाच पंक्तीला बसवले, तर निकाल काय लागणार हे आधीच ठरल्यासारखं असतं.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये डान्स्के बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि सुमारे २ अब्ज डॉलर भरले. अमेरिकेने बँकेला धरलं. त्या दोन नियामकांवर मात्र ईबीएची एका ओळीचीही शिफारस आली नाही.

कलम १७ कधी वापरलंच गेलं नाही का? गेलंय. आणि हा किस्सा मला सविस्तर सांगायचाय, कारण यात सामान्य ठेवीदार आहेत.

बल्गेरिया, जून २०१४. कॉर्पोरेट कमर्शियल बँक, तिकडच्या आद्याक्षरांनी केटीबी, देशातल्या मोठ्या बँकांपैकी एक. ठेवी काढायला झुंबड उडाली आणि २० जूनला बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेने ती विशेष देखरेखीखाली घेतली. व्यवहार ठप्प, ठेवी अडकल्या. आपल्याकडे महाराष्ट्रात सहकारी बँकांवर निर्बंध आल्यावर शाखेबाहेर उभ्या राहिलेल्या लोकांना काय वाटतं, हे मी वेगळं सांगायला नको.

युरोपियन कायदा स्पष्ट होता. बँक पैसे देऊ शकत नाही हे नियामकाने पाच कामकाजी दिवसांत जाहीर करायचं, आणि पुढच्या वीस कामकाजी दिवसांत विमा निधीने १ लाख युरोपर्यंतची ठेव परत करायची. बल्गेरियाचा स्वतःचा कायदा मात्र सांगत होता की लायसन्स रद्द झाल्याशिवाय विम्याचे पैसे मिळणार नाहीत. आणि लायसन्स तर रद्द होत नव्हतं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरमध्ये ईबीएने बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेला आणि ठेव विमा निधीला कलम १७ खाली शिफारस पाठवली: तुम्ही कायदा मोडताय, लोकांना त्यांचे पैसे मिळू द्या. लायसन्स ६ नोव्हेंबरला रद्द झालं आणि पैसे मिळायला डिसेंबर उजाडला.

म्हणजे शिफारस वाया गेली? नाही, आणि इथेच गोष्ट रंजक होते. काही ठेवीदार उशिराची भरपाई मागायला बल्गेरियाच्या न्यायालयांत गेले. तिथून प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयात पोचला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की पैसे देणं लायसन्स रद्द होण्यावर अडवून ठेवता येत नाही, आणि ठेवीदार या नियमाच्या आधारावर थेट भरपाई मागू शकतो. मार्च २०२१ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने ईबीएची शिफारससुद्धा तपासली. शिफारस बंधनकारक नसली तरी देशातल्या न्यायालयाने ती विचारात घेतलीच पाहिजे, असं म्हटलं. त्याच वेळी तिचा एक भाग अवैधही ठरवला, कारण विशेष देखरेख सुरू होणं म्हणजेच बँक ठेवी परत देऊ शकत नाही असं जाहीर होणं, असा अर्थ ईबीएने लावला होता आणि तो कायद्यात बसत नव्हता.

मला हे मनापासून पटतं. वरची संस्था चुकली तर तिलाही न्यायालयात उभं करता आलं पाहिजे. नियामकांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, पण एका ठेवीदाराने केस लावली तेव्हा सगळ्यांनाच उत्तर द्यावं लागलं.

माल्टाचं थोडक्यात सांगतो. मनी लॉन्डरिंगचे आरोप झालेल्या तिथल्या पिलाटस बँकेच्या प्रकरणात जुलै २०१८ मध्ये ईबीएने माल्टाच्या मनी लॉन्डरिंगविरोधी यंत्रणेवर कायदा मोडल्याचा ठपका ठेवला आणि नोव्हेंबरमध्ये कमिशनने दुसरी पायरीही वापरली. पण याच बँकेबद्दल सातत्याने लिहिणाऱ्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्येच कारमधल्या बॉम्बस्फोटात हत्या झाली होती. ठपका आला तो त्यांच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी.

आता तुम्ही विचाराल, या संस्थांना सरळ जास्त अधिकार का देत नाहीत? एक कारण राजकीय आहे, दुसरं आहे युरोपियन न्यायालयाचा १९५८ चा मेरोनी निकाल. भंगार लोखंडाच्या एका निधीवरून तो खटला झाला होता. न्यायालयाने म्हटलं की धोरण ठरवण्याचा मोकळा अधिकार युरोपच्या मूळ करारात नसलेल्या संस्थेकडे सोपवता येणार नाही. तेव्हापासून युरोपात एजन्सीला अधिकार द्यायची वेळ आली की मेरोनीचं नाव निघतंच. ब्रिटनने याच मुद्द्यावर एस्माच्या शॉर्ट सेलिंग (हातात नसलेले शेअर आधीच विकणं) थांबवण्याच्या अधिकाराला आव्हान दिलं आणि २०१४ मध्ये ब्रिटन हरला. अटी स्पष्ट असतील, न्यायालयाला तपासता येत असेल, तर अधिकार देता येतो असं न्यायालय म्हणालं. त्यामुळे आज मेरोनीची ढाल पुढे करणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही. दार बरंच उघडलंय, आत शिरायची इच्छा नाही.

आणि आता मुंबई.

(स्क्रीनवर: सीसीआयएलचा लोगो)

क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल. सरकारी रोख्यांचे आणि परकीय चलनाचे सौदे या मुंबईतल्या संस्थेमार्फत मिटवले जातात, आणि तिच्यावर देखरेख आहे रिझर्व्ह बँकेची. ३१ ऑक्टोबर २०२२ ला एस्माने जाहीर केलं की सीसीआयएलसह भारतातल्या सहा क्लिअरिंग संस्थांची मान्यता ३० एप्रिल २०२३ पासून काढून घेतोय. कारण? युरोपच्या बदललेल्या कायद्यानुसार आवश्यक असलेला सहकार्य करार भारतीय नियामकांबरोबर झालेला नव्हता. एस्माला तपासणीचे अधिकार हवे होते, आणि आपल्या संस्थेवर आपलीच देखरेख पुरेशी आहे ही रिझर्व्ह बँकेची भूमिका होती. मान्यता नसलेल्या संस्थेतून सौदे मिटवणं युरोपियन बँकांना अवघड, त्यामुळे मुंबईत ट्रेझरी, म्हणजे रोखे आणि चलनाचे व्यवहार करणारा विभाग, चालवणाऱ्या युरोपियन बँका कात्रीत सापडल्या.

जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतल्या संस्थेची मान्यता एस्मा काढू शकते. टॅलिन आणि कोपनहेगनच्या नियामकांना मात्र तिची जुळी बहीण ईबीए ‘तुमचं चुकलं’ एवढंही म्हणू शकली नाही. रिझर्व्ह बँकेचं त्या बोर्डावर मत नाही, त्यांचं आहे. आणखी एक बघा: या मान्यतेच्या प्रकरणातही जर्मनी आणि फ्रान्सच्या नियामकांनी आपापल्या बँकांना ऑक्टोबर २०२४ पर्यंत मुदत दिली. एस्माने दार लावलं आणि राष्ट्रीय नियामकांनी ते किलकिलं ठेवलं. ब्रिटनने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेशी सामंजस्य करार केला. त्यात बँक ऑफ इंग्लंड रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीवर विसंबून राहू शकेल अशी सोय आहे. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

युरोपात काही बदललं का? कमिशनने २०१७ मध्ये सुचवलं होतं की प्रत्येक संस्थेत पूर्णवेळ, स्वतंत्र सदस्यांचं एक्झिक्युटिव्ह बोर्ड असावं. सदस्य देशांनी ते होऊ दिलं नाही, २०१९ मध्ये सौम्य दुरुस्ती झाली. पण डान्स्केचा घाव खोल होता. २०२४ मध्ये आम्ला नावाची नवी मनी लॉन्डरिंगविरोधी संस्था कायद्याने उभी राहिली, मुख्यालय फ्रँकफर्टला, काम २०२५ च्या जुलैपासून. तिच्यात राष्ट्रीय नियामकांचं बोर्ड आहेच. पण त्याशिवाय अध्यक्ष आणि पाच स्वतंत्र सदस्यांचं वेगळं एक्झिक्युटिव्ह बोर्डही आहे. २०२८ पासून सगळ्यात जोखमीच्या सुमारे ४० वित्तसंस्थांवर आम्ला थेट देखरेख करेल.

बाकी हजारो संस्था देशोदेशींच्या नियामकांकडेच राहणार आहेत, आणि टॅलिनची शाखासुद्धा मुख्यालयाच्या हिशेबात छोटीच होती. म्हणून माझं लक्ष त्या ४० नावांपेक्षा जास्त, यादीबाहेरच्या एखाद्या बँकेत गडबड निघाली की आम्ला तिथल्या नियामकाला किती लवकर आणि किती उघडपणे जाब विचारते, याकडे असेल. निवडीची प्रक्रिया २०२७ मध्ये सुरू होईल. यादी आली की त्यावर वेगळा व्हिडिओ करतो. तोपर्यंत सीसीआयएलबद्दल किंवा ठेव विम्याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा.