निळ्या खांबांचा नकाशा

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या आवारात ठरावीक अंतरावर खांब दिसतात. वर निळा दिवा, खाली एक बटण. ते दाबलं की थेट सुरक्षा कक्षाशी बोलणं सुरू होतं, आणि हाक कुठल्या खांबावरून आली हे तिथल्या माणसाला आपोआप कळतं. आपल्या ठाणे-नवी मुंबईतली कॉलेजांची आवारंही आता मोठी झाली आहेत, तेव्हा इथे असे फोन लावायचं ठरलं तर ‘किती लावायचे?’ हा प्रश्न लगेच येणार. त्याआधी नकाशा काढावा, असं माझं म्हणणं आहे.

क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. फोनच्या जागा टाका आणि प्रत्येकीभोवती शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. एका वर्तुळात साधारण ३.१४ हेक्टर जमीन येते. पण वर्तुळं नुसती एकमेकांना टेकवली तर मध्ये फटी राहतात, म्हणून ती थोडी एकमेकांवर चढवावी लागतात. फोन मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे मांडले, म्हणजे शेजारच्या दोन फोनांत १७३ मीटर ठेवले, तर फट राहत नाही; मात्र एका फोनच्या वाट्याला साधारण २.६ हेक्टरच उरतात. शंभर एकरांच्या आवाराला कमीत कमी सोळा फोन लागतील, कडेचे कोपरे धरले तर आणखी काही.

हे झालं सपाट मैदानाचं गणित. आपल्याकडे एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून पावसाळी नाले. कागदावरचं वर्तुळ नाला ओलांडतं, कंपाउंडची भिंत चढतं. घाबरलेली मुलगी ते करू शकत नाही. समजा, हॉस्टेल आणि फोन यांच्यात साठ मीटर अंतर आहे, पण मध्ये भिंत आहे आणि वळसा चारशे मीटरांचा. वर्तुळ म्हणतं फोन जवळ आहे. पाय म्हणतात पाच मिनिटं. साधारण चालीनं माणूस मिनिटाला ऐंशी मीटर जातो, तेव्हा पायवाटा आणि जिने नकाशावर घालून त्या वाटांवरूनच मिनिटं मोजावीत. मग गोल वर्तुळाच्या जागी वेडावाकडा आकार येतो. दिसायला वाईट, पण खरा.

फोन कुठे बसवायचे याचं शास्त्रही आहे. १९७१ साली काही अमेरिकी संशोधकांनी प्रश्न मांडला: ठरलेल्या अंतरात सगळ्यांना मदत पोहोचावी, यासाठी कमीत कमी किती केंद्रं लागतील? १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी तो वळवला: पैसे मोजकेच असतील तर जास्तीत जास्त लोक कसे सामावतील? ॲम्ब्युलन्ससाठी हे उत्तम. आवारातल्या फोनसाठी मला ते खटकतं. गर्दी मोजून जागा निवडल्या तर पहिला फोन कॅन्टीनपाशी जातो आणि दुसरा लायब्ररीच्या दारात, जिथे हाक मारली तर दहा जण धावतील. जिमखान्यामागची वाट मात्र हिशेबात येत नाही, कारण रात्री तिथे एखाददुसरंच माणूस असतं. माझ्या हिशेबात त्या एकट्या माणसाचं वजन कॅन्टीनमधल्या शंभरांपेक्षा जास्त धरायला हवं.

म्हणून पाहणी रात्री करावी, आणि जमलं तर जुलैत. पानांनी भरलेला गुलमोहर दिवा झाकतो, पत्र्यावरच्या पावसात बोलणं ऐकू येत नाही. प्रत्येक फोनचं बटण दाबून बघावं. बंद पडलेला फोन नकाशावरून खोडून टाकावा. दुरुस्तीची तक्रार दिली आहे म्हणून तो राहू देऊ नये.

कोणी म्हणेल, मोबाइल असताना खांब कशाला? बरोबर आहे, अमेरिकेतही काही विद्यापीठांनी ते काढून टाकलेत. आपल्याकडे ११२ हा आणीबाणीचा नंबर आहे. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांत पॅनिक बटण सक्तीचं आहे: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा, काही नव्या फोनांत पाचदा. आपल्या फोनची सेटिंग आजच बघून ठेवा. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज जाते, तेव्हा रेंज कुठे तुटते तेही त्याच नकाशावर यायला हवं.

आणि रेंज असली तरी ‘लायब्ररीच्या मागे’ म्हटल्यानं पोलिसांना काय कळणार? नव्या खांबांना पैसे नसतील तर आहेत त्या दिव्याच्या खांबांवर मोठ्या आकड्यांत नंबर रंगवा. यादी गेटवरच्या वॉचमनकडे आणि जवळच्या पोलीस चौकीत द्या. रंगाचा एक डबा आणि दोन सुट्टीचे दिवस, एवढ्यात ते होईल. नंबर रंगवताना गेटपाशीच थांबू नका, पुढे स्टेशनपर्यंत जा. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे खांब महापालिकेचे आहेत, त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा लागेल.

नमस्कार.